नुसती टेस्ट होती हो!

सांगतो, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या साडूंनी नव्या सदऱ्यावर अख्खी बशी सांडली आणि मेहुणीने दोष मलाच दिला. आता माझ्या खात्यावर आधीच इतके दोष जमा आहेत की एक सदरा काय जड नाही म्हणा!

तर मी कॉम्प्युटरचं नेटवर्क उभारणारा माणूस. मूळचा अमरावतीचाच. मधे थोडी वर्षं पुण्यात काढली, तिथे दोन गोष्टी शिकलो. एक, सर्व्हर कसे जोडायचे, आणि दुसरी, समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला उत्तर कसं द्यायचं. खरं तर दुसरी मला जन्मजातच येत होती. आई म्हणायची, ह्या पोराच्या पायाला भिंगरी आणि कानाला झाकण! एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. काम संपलं की हात शिवशिवतात, आणि शिवशिवलेला हात गप्प राहील तर तो हात कसला?

ही गोष्ट त्या वाईट वर्षांतली. वऱ्हाडात पाहणी पथकांच्या पांढऱ्या गाड्या धुरळा उडवत फिरायच्या, पेपर उघडायची भीती वाटायची, ते दिवस. आमच्याकडे बियाण्यांचा एक सहकारी संघ होता. मुख्य कचेरी अमरावतीला, मोठं गोदाम अकोल्याला, शाखा चांदूर बाजारला आणि बाळापूरला, आणि वर चिखलदऱ्याला मध आणि कॉफीची पूड विकायचं एक खोलीभर केंद्र. या सगळ्यांना एका धाग्यात ओवायचं काम मला मिळालं.

काम काय? डिरेक्टरी! संघाचे अध्यक्ष बापूसाहेब आधी समजले की मी फोनचं जाडं पुस्तक छापून देणार. मी त्यांना समजावलं, "बापूसाहेब, संघातला कोणता माणूस कोणत्या शाखेचा, कोणाला कोणतं कपाट उघडाची परवानगी, हे सगळं एका जागी लिवून ठेवाचं. मग तो माणूस कोणत्याबी शाखेत कॉम्प्युटरसमोर बसला, की कॉम्प्युटर त्याले वळखते."

"म्हणजे पोलीस पाटलावानी," बापूसाहेब म्हणाले. इतकी चांगली व्याख्या मला पुण्यातही कोणी सांगितली नव्हती.

आता संघाची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यात आहे. बापूसाहेब बदलीचा कागद कधीच काढत नसत. कागद आला की माणूस वकिलाकडे जातो, असं त्यांचं मत. प्रत्येक शाखेच्या दाराशी एक काळा फळा असायचा, त्यावर खडूने तिथल्या माणसांची नावं. एखाद्या सकाळी तुमचं नाव पुसलेलं दिसलं आणि दुसऱ्या शाखेच्या फळ्यावर उगवलं, की तुमची बदली झाली. मुकाट पिशवी भरायची आणि एसटी पकडायची. आणि काहून म्हणून विचारायचं नाही! विचारणाऱ्याचं नाव तिथूनही पुसलं जायचं आणि थेट चिखलदऱ्याच्या फळ्यावर जायचं. पावसाळ्यात त्या धुक्यात मधाच्या बाटल्या पुसत बसायचं. लोक चिखलदऱ्याला हौसेने फिरायला जातात. संघाच्या माणसाला मात्र ते नाव घेतलं की हुडहुडी भरायची.

मी काय केलं? शाखा-शाखांत फिरून सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवला. सुरू केला की पडद्यावर वर अक्षरं यायची, 'नमस्कार' मग तुमचं नाव, मग तुमची शाखा. आणि मोठ्या रुबाबात, खडूचा हात झटकत, मी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हटलं, "आता फळा इसरा. पडद्यावर जे दिसन, थेच खरं!"

काय दुर्बुद्धी झाली होती मला!

त्या वर्षी पहिली पेरणी वाया गेली होती. पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच, अंकुर जमिनीतच वाळले. लोक आभाळाकडे बघून थकले होते. संघाने दुबार पेरणीसाठी सोयाबीन आणि तुरीचं बियाणं अकोल्याच्या गोदामात राखून ठेवलं होतं, आणि बापूसाहेबांनी गावोगाव शब्द दिला होता, पाऊस आला की लगेच गोदाम उघडू. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. सोमवारी वाटप करायचं ठरलं. रविवारी सुट्टी रद्द करून सगळ्या शाखांनी तयारी करायची होती. वाफसा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पावसानंतर जमीन पेरण्याजोगी होते ती एक-दोन दिवसच. ती वेळ चुकली तर पुढे नुसतं बघत बसायचं.

आणि त्या शनिवारी दुपारी मी कुठे होतो? अमरावतीच्या कचेरीत, सर्व्हरसमोर, रिकामा! सगळं काम झालेलं. उरली होती एकच गोष्ट. अमरावतीला केलेला बदल लाइनवरून अकोल्याला पोचतो का, ते बघायचं. शहाणा माणूस यासाठी काय करेल? एक खोटं नाव तयार करेल आणि ते हलवून बघेल. मला तेवढा दम कुठला? समोर खरी नावं दिसत होती. मी अकोल्याच्या मायाताईंना उचललं आणि बाळापूरमध्ये टाकलं.

या मायाताई अकोल्याच्या खिडकीवर बसायच्या. हुशार बाई. फोन करून विचारलं, "ताई, पडद्यावर काय दिसते?"

"अकोलाच दिसून राहिलं, अविनाशभाऊ."

लाइन मेलेली. मग मी अकोल्याच्या गोदामाचे रऊफभाई उचलून चांदूर बाजारला टाकले. काही नाही. चांदूर बाजारचे गोदामवाले गुल्हाने उचलून अकोल्याला टाकले. तरी पडदा ढिम्म. तेवढ्यात काय झालं असेल? बरोबर. भारनियमन! लाइट गेली, बॅटरीने दोन-चारदा कुंई केलं आणि सर्व्हर आडवा झाला. मी मनात म्हटलं, काहीच पोचलं नाही ना, मग काहीच झालं नाही. स्कूटरला किक मारली आणि घरी आलो. संध्याकाळी धो धो पाऊस पडला. आमच्या गल्लीत लोकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

नावं परत जागेवर ठेवायची आहेत हे पेढ्याबरोबरच गिळलं होतं.

लाइट आली, सर्व्हर आपोआप उठला, लाइन जिवंत झाली, आणि माझं नेटवर्क जन्मात पहिल्यांदा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं. तिन्ही बदल बिनचूक सगळ्या शाखांत पोचले.

सोमवारी सकाळी मी पोहे खात होतो. मोबाइल वाजला.

"अविनाशभाऊ, मी माया. बाळापूरले हजर झाली. कामाचं काय?"

"बाळापूरले? तुमी बाळापूरले काहून गेल्या?"

"अजी, काल पडद्यावर आलं ना! तुमीच तं म्हणत जा, पडद्यावर दिसन थेच खरं."

मी पोह्यांची बशी बाजूला सारली. एकदम तिन्ही नावं डोळ्यांसमोर आली. मी ओरडलो, "अन् रऊफभाई?"

"रऊफभाई तं पहाटच्या पहिल्या गाडीनं गेले चांदूर बाजारले. अमरावतीच्या डेपोत गुल्हानेभाऊले भेटून राहिले, दोघायनं ठरवलं का तिथीच..."

"ताई, तुमी पयले अकोल्याले वापस जा! अन् एक फोन काहून नाई केला मले? एक फोन!"

आणि मी फोन ठेवला. त्या बिचाऱ्या पुढे काय सांगत होत्या ते ऐकायला थांबलो असतो, तर हा किस्सा इथेच संपला असता आणि तुमचा चहा गरम राहिला असता. पण माझ्या कानाला झाकण!

स्कूटर अशी पळवली की राजापेठेतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली. डेपोच्या कँटीनमध्ये बघतो तर दोघं निवांत चहा पीत बसलेले. रऊफभाई म्हणजे दाढी मेंदी लावलेली, जाकिटाला चार खिसे, बोलणं थोडं वऱ्हाडी, थोडं उर्दू. गुल्हाने म्हणजे दोन माणसांच्या जागेत बसणारा एक माणूस. दोघांच्या पायाशी ट्रंका.

"रऊफभाई! गुल्हानेभाऊ! बदली नाई झाली! नुसती टेस्ट होती! उठा, आपापल्या गावाले चाला!"

रऊफभाईंनी कप शांतपणे खाली ठेवला. "टेस्ट? पण साब, पडद्यावर..."

"पडदा गेला चुलीत! एक फोन नाई करता येत तुमाले?"

"फोन कोणाले कराचा? बापूसाहेबाले? पूछा के चिखलदरा!" रऊफभाई म्हणाले. गुल्हान्यांनी मान हलवली. ती हलवताना बाकही हललं.

अकोल्याची गाडी लागलेली होती, चांदूर बाजारची सुटायच्या बेतात. मी एका हाताने रऊफभाईंची ट्रंक आणि दुसऱ्या हाताने रऊफभाई असे अकोल्याच्या गाडीत कोंबले.

"अहो साब, पण चाबी..."

"चाबी-बिबी मंग! पयले बसा! तिकडे लोकं उभे आहेत!"

गुल्हाने मागून म्हणत होते, "इंजिनेर साहेब, थांबा ना, थ्या चाव्या आमी..." त्यांनाही मी ढकललं. त्यासाठी कंडक्टरची मदत घ्यावी लागली. दोन्ही गाड्या दोन दिशांना सुटल्या आणि मी डेपोत उभा राहून घाम पुसला. केवढा मोठा प्रसंग एकट्याने निभावला म्हणून स्वतःलाच एक चहा पाजला. त्याच कँटीनमध्ये!

कचेरीत जाऊन नावं जागेवर ठेवली. बदल क्षणात पोचले. मी खुर्चीत मागे रेलून बसलो. आणि मग, बऱ्याच वेळाने, अकोल्याहून फोन आला.

"साब, रऊफ बोलून राहिलो. कुलूप उघडत नाई."

"कसं काय उघडत नाई?"

"कसं उघडन? माह्याजवळ चांदूर बाजारची चाबी हाय. अकोल्याची गुल्हान्याजवळ हाय. बदली झाली म्हणून आमी डेपोत चार्ज बदलून घेतला, हातात हात देऊन. थो अकराच्या आत इथी पोचून गोदाम खोलणार होता. थेच सांगून राहिलो होतो तुमाले. तुमी बोलू कुठी देल्लं?"

आलं का लक्षात? मी काहीच केलं नसतं, घरी पोहे खात बसलो असतो, तरी गोदाम वेळेवर उघडलं असतं! माझी चूक त्या दोघांनी चहाच्या टेबलावर बिनबोभाट निस्तरून ठेवली होती, आणि ते सगळं मी धावत जाऊन पुन्हा बिघडवलं.

"कुलूप तोडा!" मी म्हणालो.

"सरकारी अनुदानाचं बियाणं हाय साब. कुलूप तुटलं का पंचनामा लागते. पंचनाम्याले दोन दिवस." मग त्यांचा आवाज खाली आला. "लोकं लय आले, साब. ऊन पडलं हाय."

ऊन पडलं हाय. ते तीन शब्द ऐकले आणि मी स्कूटरची किल्ली उचलली. ऊन म्हणजे वाफसा उडणार.

चांदूर बाजारला स्कूटरवर कसा पोचलो ते विचारू नका. गुल्हाने आपल्या बंद गोदामापुढे ट्रंकेवर बसले होते.

"गुल्हानेभाऊ, अकोल्याची चाबी द्या लवकर!"

"तुमाले कशी देऊ?"

"म्हणजे?"

"चाबी हातोहात जाते, साहेब. ज्याचा चार्ज त्याच्याच हातात. तुमी संघाचे कोण? तुमी तं कंत्राटी."

मी हात जोडले, पाय धरायला वाकलो. माणूस हलला नाही. शेवटी तेच म्हणाले, "मी येतो ना संगं."

संगं! माझ्या स्कूटरवर! मागचं चाक तिथेच निम्मं बसलं. अमरावतीपर्यंत पुढचं चाक जमिनीला टेकलं होतं की नाही मला सांगता येणार नाही. तिथून जीप केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी वावरं, बैल जुंपून उभे असलेले लोक, वर लख्ख ऊन. मी सीटच्या कडेवर बसलो होतो, जणू त्याने जीप जोरात पळणार होती. दर दोन मिनिटांनी ड्रायव्हरला विचारत होतो, अजून किती? आणि गुल्हाने?

"मुर्तिजापूरले थांबसान का? तिथी भजे मस्त भेटतात."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी स्वतःच खिडकीची काच वर केली.

अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गोदामापुढे ट्रॅक्टर, बैलबंड्या, सायकली. कोणी शिव्या देत नव्हतं, हेच वाईट होतं. सगळे सावलीत उकिडवे बसून दाराकडे बघत होते. एक म्हातारी बाई पुढे आली, डोक्यावर रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं. म्हणाली, "बाबू, वाफसा कोणाची वाट पाहत नाई रे. आज रात्री पोचलं तं उद्या सकाळी तिफन धरून पेरतो." मला तिच्या डोळ्यांत बघवेना. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी, माझ्या सर्व्हरची आणि माझ्या पुण्याची मनापासून लाज वाटली.

गुल्हान्यांनी चावी रऊफभाईंच्या हातात ठेवली. रऊफभाईंनी चांदूर बाजारची त्यांच्या हातात ठेवली. दोघांनी हात मिळवला. एवढ्या गर्दीतही रीत सोडली नाही. दार उघडलं. मायाताई केव्हाच बाळापूरहून परत येऊन खिडकीत बसल्या होत्या. मी सदरा काढला आणि पोती उचलायला लागलो. सगळ्यांना बियाणं मिळालं. त्या बाईचं पोतं मी स्वतः बंडीत ठेवलं. पुढे पंधरवड्याने ती मायाताईंना सांगून गेली, उगवण चांगली झाली.

पण भीती उतरली की माझ्यासारख्या माणसाला काय चढतो? राग! पाठ धरलेली, हात सोललेले, आणि मी गोदामाच्या पायरीवर उभा राहून तिघांना भाषण दिलं. "अरे, तुमी मोठे माणसं! पडद्यावर काईबी दिसलं का उठून चालले! विचाराचं नाई? एक फोन काहून नाई केला? एक फोन!"

मागे कोणी खाकरलं. बापूसाहेब. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून केव्हापासून बसले होते कोण जाणे. उठले, माझ्याजवळ आले, आणि एवढंच म्हणाले, "इंजिनिअर, लाइन चांगली चालते तुमची."

आणि गाडीत बसून गेले.

बस्स! ना शिवी, ना दम. मला त्यानंतर झोप येईना. माणूस ओरडला की सुटतो तरी. हे काय? रोज वाटायचं, आज बोलावतील. कोणी बोलावलं नाही. मी डोकं खाली घालून काम करत राहिलो. मायाताईंना सगळं शिकवून दिलं, नाव कसं हलवायचं, लाइन कशी तपासायची, कारण पुढे त्यांनीच ते बघायचं ठरलं होतं. मलाही कामापुरतं एक नाव डिरेक्टरीत होतंच, शाखा अमरावती.

एका सकाळी कचेरीत आलो, कॉम्प्युटर सुरू केला.

'नमस्कार. अविनाश. शाखा चिखलदरा.'

मी ती अक्षरं दोनदा वाचली. आलं! बापूसाहेबांचं उत्तर आलं! ना कागद, ना शब्द, त्यांच्या रीतीने. आता तुम्ही म्हणाल, अरे, तू कंत्राटी माणूस, तुझी कसली बदली? विचारायचं ना! कोणाला विचारू? कोणत्या तोंडाने? मी मुकाट कॉम्प्युटर बंद केला, घरी गेलो आणि आईला म्हटलं, स्वेटर काढ.

"आषाढात?" आई म्हणाली.

"चिखलदऱ्याले जाऊन राहिलो." तिने स्वेटर काढला. तिने चकल्यांचा डबाही दिला.

घाटात गाडीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. केंद्राचं दार सुजलेलं, खांदा लावून उघडलं. आत मधाच्या बाटल्या. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. एक फळी पुसली, दुसरी पुसली. मग वाटलं, हजर झाल्याचं कळवायला तर हवं. तिथे मोबाइल चालेना. कोपऱ्यावरच्या फोनवरून अकोल्याला फोन लावला आणि शक्य तितक्या नम्र आवाजात म्हणालो, "मायाताई, मी अविनाश. चिखलदऱ्याले हजर झालो. कामाचं काय?"

पलीकडून एक विचित्र आवाज. बाई हसत होत्या की रडत होत्या, पटकन कळेना.

"अविनाशभाऊ! अजी, थे तं मी लाइन पाहून राहिली होती! तुमीच तं शिकवलं! काल दुपारी तुमचं नाव हलवलं, तितक्यात लाइट गेली, मंग वापस ठेवाचं राहूनच गेलं! रऊफभाई, आयका ना, अविनाशभाऊ चिखलदऱ्याले गेले!"

मागे एक ट्रंक आदळल्यासारखा आवाज आला. ते रऊफभाई हसत होते. मग आणखी एक खाकरणं ऐकू आलं, ओळखीचं. त्या दिवशी नेमके बापूसाहेब अकोल्याला आलेले. त्यांनी फोन हातात घेतला.

"काहून, इंजिनिअर," ते अगदी मायेने म्हणाले, "एक फोन नाई करता आला?"